मुराळ्याची वाट

पंचमी जवळ आली की आमच्या जळकोटात सासुरवाशिणी दारापाशी जरा जास्तच घुटमळायला लागतात. अंगण तेवढंच असतं, पण झाडणं काही संपत नाही. कारण मुराळी यायचा असतो. सणाला बहिणीला माहेरी न्यायला जो भाऊ येतो, तो मुराळी. आता एसटी आहे, जीप आहे, पोरी स्वतः स्कूटी चालवतात. तरी पंचमीला आपलं आपण उठून माहेरी जायचं नसतं, न्यायला कुणीतरी यावं लागतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पन्नाशी ओलांडली आहे, घरात सून आली आहे, पण या एका बाबतीत मी काडीची शहाणी झालेली नाही. न्यायला आला नाही तर मी जात नाही.

माझा मुराळी म्हणजे माझा धाकटा भाऊ. तामलवाडीला आमचं माहेर, थोडी शेती आणि दावणीला चार शेळ्या. तो सकाळी येतो म्हणायचा आणि दुपारी उगवायचा. आला की थेट सासूबाईंच्या शेजारी बाजेवर बसायचा आणि माझी उणीदुणी काढायला लागायचा. "आत्याबाई, हिच्या हातचं पिठलं तुमी खाता कसं? आमच्याकडं शेळ्या तोंड फिरवायच्या." सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मी आत भांडी आपटायची. मग जेवण, मग त्याची एक डुलकी, आणि उन्हं कलली की मोटारसायकलवर मला मागं बसवून नळदुर्ग, तुळजापूर करत तामलवाडी.

वाटेत भांडण ठरलेलं. लहानपणी मार कुणी जास्त खाल्ला, आईनं कुणाला जवळ निजवलं, माझी पाटी कुणी फोडली, गाडी हळू चालव, मग उतर आणि चालत ये. तुळजापूरचा घाट येईपर्यंत आमचं बोलणं बंद झालेलं असायचं आणि घाट उतरेपर्यंत पुन्हा सुरू. घरी पोचलो की आई विचारायची, "आज काय निमित्त झालं?" लोक माहेरची ओढ म्हणतात. मला खरी ओढ त्या रस्त्याची होती. घराचा नंबर त्याच्या नंतरचा.

एका पंचमीला तो आला तेव्हा चपलेचे पट्टे त्याच्या पायांत रुतलेले दिसले. तोंडही सुजलं होतं. मी म्हटलं, जाड झालास. तो म्हणाला, तुझ्यासारखं व्हायला अजून वेळ हाय. आम्ही नेहमीसारखे भांडत गेलो. सणानंतर त्याला धाप लागायला लागली, तेव्हा सोलापूरला दाखवलं. रक्तदाब आतल्या आत वाढत राहिला होता आणि दोन्ही किडन्या आक्रसून गेल्या होत्या.

मग डायलिसिस सुरू झालं. ठरलेल्या दिवशी सोलापूरला जायचं, अर्धा दिवस मशीनला जोडून पडायचं आणि पिळून काढल्यासारखं होऊन घरी यायचं. त्या काळात त्याला पाणी मोजून मिळायचं. शरीरातलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती, त्यामुळं प्यालेलं सगळं फुप्फुसात साठायची भीती. पाटाच्या पाण्यात वाढलेला माणूस तो. बर्फाच्या एका खड्यासाठी आईच्या विनवण्या करायचा. मी एकदा भेटायला गेले तर हंड्याकडं तोंड करून बसला होता. मला म्हणाला, "आक्के, नुसतं बघतोय, बघायला बी बंदी हाय का?" मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

डॉक्टरांनी सांगितलं, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर बघा. आईचं वय झालेलं आणि तिला साखर. भावजय आधी तयार झाली होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. पुढच्या तपासण्याही जुळत गेल्या, आणि प्रत्येक रिपोर्ट आला की मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. आमच्या ह्यांनी मात्र डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी नीट समजावलं. निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगतो, पण दरवर्षी तपासणी करायची, रक्तदाबाकडं लक्ष ठेवायचं, भरपूर पाणी प्यायचं, आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. ज्याला किडनी मिळते त्याला जन्मभर वेळच्या वेळी गोळ्या, कारण शरीर परक्या अवयवाला हाकलायला बघतं. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते म्हणून गर्दीपासून, धुळीपासून, शेणामुतापासून लांब राहायचं. आणि हे किती वर्षं चालेल ते कुणी सांगू शकत नाही. मी सगळं ऐकलं, फक्त ते शेवटचं वाक्य ऐकलं नाही.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "दे जा. त्यो हसवायचा लई मला."

ऑपरेशनआधी दवाखान्यात एका समितीपुढं बसवतात, समोर कॅमेरा लावतात. कुणी पैसे देऊन किंवा धाक घालून तर आणलं नाही ना, याची ती खात्री असते. मला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, "माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचाय." ते हसले. मग विचारलं, "पण का देताय?" मी घरून चांगली वाक्यं पाठ करून गेले होते, रक्ताचं नातं वगैरे. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तो मला पंचमीला न्यायला येतो, म्हणून." समोरच्या चष्मेवाल्या बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. मला वाटलं, आता ही नापास करते. केलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा डाव्या कुशीत निखारा ठेवल्यासारखं दुखत होतं. नर्सनं सांगितलं, तुमची किडनी तिकडं लगेच कामाला लागली. बाहेर आईनं अणदूरच्या दिशेनं हात जोडले, आमचं कुळदैवत तिथला खंडोबा. मला चालवायला लागल्यावर काचेपलीकडून भावाला दाखवलं. तोंडावर मास्क, डोळे खोल गेलेले, पण त्यांत पाणी होतं, तजेला होता. मी हात हलवला. त्यानं दोन्ही हात जोडले आणि कपाळ काचेला टेकवलं. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. 

मी दोन-तीन महिन्यांत शाळेत परत गेले. आज मला काहीही होत नाही. थंडीत टाक्यांपाशी खाज सुटते, जड हंडा उचलताना सून ओरडते, एवढंच. वर्षाची तपासणी करते, सगळं ठीक निघतं. त्याचाही रंग परत आला, पायांची सूज गेली, तो पोटभर पाणी प्यायला लागला. माझं काय गेलं म्हणाल, तर एक किडनी गेली आणि एक भाऊ गेला.

मी घरी गेले की तो उठून उभा राहायचा. वाकून पाया पडायचा. पहिलं ताट मला, चांगली चादर मला, पंख्याखालची जागा मला. "आक्का, तुमी बसा. आक्का, तुमाला चहा?" मी मुद्दाम कळ काढून बघितली. त्याच्या शेळ्यांना मरतुकड्या म्हटलं. त्याच्या तुरीला नावं ठेवली. आधी असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आता खाली मान घालून म्हणायचा, "व्हय आक्का, तुमचं बरोबर हाय." त्या घरात देव्हाऱ्यात एक देव वाढला होता, आणि त्या देवाला भांडणाची लई आठवण यायची.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या पंचमीला डॉक्टरांनी त्याला बाहेर पडू दिलं नाही. मी समजू शकत होते. दुसऱ्या वर्षी त्यानं भाड्याची जीप पाठवली, मागं गादी टाकलेली, ड्रायव्हरला सक्त ताकीद की खड्ड्यातून हळू न्या. मी ती रिकामी परत पाठवली. नंतर नंतर नुसता फोन यायला लागला, "आक्का, तुमी या ना. जपून या." सासूबाई बाजेवरून विचारायच्या, "तुझा मुराळी यायचा न्हाय का गं?" मी म्हणायची, त्याला जपावं लागतं. त्या म्हणायच्या, "एवढं जपून काय लोणचं घालायचंय त्याचं?"

मी रोज संध्याकाळी त्याला फोन करायची. पाणी किती झालं, गोळ्या घेतल्या का, सूज आहे का, लघवीला जळजळ आहे का. तो शहाण्या मुलासारखी उत्तरं द्यायचा. मी फोन ठेवायची आणि मला वाटायचं, आपण चुकीच्या नंबरवर बोललो.

या आषाढात एका रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती. "वन्सं, रिपोर्ट वाढून आलाय. डाक्टर इचारत्यात पाणी पिता का, हे म्हणत्यात व्हय. मला देवाची आण घातलीया, पण आता न्हाय राहवत. दर रविवारी निर्जळी उपास धरत्यात, दिवा लागूस्तवर पाण्याचा थेंब घेत न्हाईत. सकाळच्या गोळ्याबी रातीला घेत्यात." कशासाठी, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यासाठी. खंडोबाला बोलल्यात."

मी चुलीवरचं तसंच टाकलं आणि एसटी धरली. न्यायला कुणी आलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. आमचा खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला असतो आणि काही महिने नळदुर्गला. मूर्ती एकच, देवळं दोन, पालखीतून त्याची ने-आण होते. नळदुर्ग आलं तेव्हा मी खिडकीतून हात जोडले नाहीत. मनात म्हटलं, तुला न्यायला-आणायला दोन गावं धावतात आणि तुझ्या नावानं एक माणूस पाण्यावाचून बसलाय ते दिसत नाही का? देवावर एवढी मी याआधी कधी चिडले नव्हते.

तो लिंबाखाली बसला होता. ओठ वाळून पांढरे पडलेले. मला बघून दचकला, उठला, पाया पडायला वाकला. "आक्का, तुमी? अशा अचानक?"

"पाणी आण."

तो आत सांगायला निघाला. मी म्हटलं, "तिला नको. तू आण."

त्यानं तांब्या भरून आणला. मी तो हातात घेतला आणि त्याच्यापुढंच धरला. "पी."

त्यानं दाराकडं बघितलं. भावजय आत सरकली. "आज रविवार हाय, आक्का."

"मला बी वार कळत्यात. पी."

"दिवा लागल्यावर पितो."

"अन् सकाळच्या गोळ्या?"

तो पायानं माती उकरायला लागला. मग माझा तोल गेला. शाळेत आवाज चढवायची मला सवय आहेच, पण त्या दिवशी शेजारच्या पाणंदीतून चाललेली माणसं थांबली. "बर्फाच्या खड्यासाठी आईच्या पाया पडत हुतास. पोटभर पाणी मिळावं म्हणून कूस चिरून दिली तुला. अन् तू तिला कोरडी ठिवतोस? अक्कल इकून खाल्लीस का?"

"तुमच्यासाठीच धरलाय." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तुमच्याकडं एकच राह्यली. तिला काई झालं तर म्या कुठं तोंड दाखवू? माझ्याजवळ दुसरं काय हाय द्यायला?"

"भाऊ बहिणीसाठी उपास धरतो हे कुठल्या गावात बघितलंस?"

तेव्हा त्यानं मान वर केली. "मग तू कामून धरतीस? पंचमीच्या आदल्या दिशी, चतुर्थीला, माझ्यासाठी? दिसभर पाणी न घेता? ऑपरेशन झाल्यावरबी सोडला न्हाईस, दाजींनी सांगितलंय मला. तू धरला तर उपास, अन् म्या धरला तर येडेपणा व्हय?"

हे खरं होतं. भावाच्या आयुष्यासाठी बहिणींनी तो उपवास करायचा असतो, आणि आमच्याकडं तो पहिल्यापासून कडक. डॉक्टरांनी मला पाणी प्यायला सांगितलं होतं ते मी वर्षातले बाकीचे सगळे दिवस पाळत होते.  त्यामुळं मी आणखी ओरडले. "माझं वेगळं हाय!"

"कसं वेगळं? सांग ना! अन् रोज फोन करतीस. पाणी किती प्याला, सूज हाय का, लघवी कशी हाय. किडनीची खुशाली इचारतीस. माझी कोण इचारणार? शेळीला दोन करडं झाली, ठाव हाय का तुला? बांधावरून भांडण झालं, महिना झाला, इचारलंस कधी?"

"माझी हाय ती! म्या इचारणार!"

"मग घिऊन जा!"

कोंबड्या पांगल्या. दोघांनाही धाप लागली होती. त्याच्या मानेची शीर ताठली होती, डोळे लाल झाले होते, आणि हा माणूस मला ओळखीचा होता. कितीतरी वर्षांनी मी त्याला बघत होते.

आई उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "गप बसा दोघं. ज्याच्यासाठी उपास, त्याच्या हातचं पाणी घेतलं की त्यो सुटतो. माझी आई सांगायची." असं कुठं काही असतं का ते मला माहीत नाही. मला वाटतं, आईनं ते तिथल्या तिथं रचलं. तिची आई असलं काही सांगणारी बाई नव्हती.

मी तांब्या पुढं केला. त्यानं तो हिसकावूनच घेतला आणि एका दमात रिकामा केला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मग गोळ्या घेतल्या. डॉक्टरांना मीच फोन लावला, त्यांनी त्याला माझ्यापेक्षा जास्त झापलं आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला बोलावलं. भावजयीनं करडं दावणीतून सोडून आणली. त्याला त्यांच्या जवळ जायची बंदी, म्हणून तो लांबूनच मला दाखवत होता, हे बघ, ह्येच्या कानावर कसा पांढरा ठिपका हाय. मी ते करडू मांडीवर घेतलं. त्यानं माझ्या चांगल्या साडीवर घाण केली आणि माझा भाऊ लिंबाला धरून हसला.

परत येताना एसटीत मी तुळजापूरपर्यंत रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेर सुटलं का?" मी व्हय म्हटलं.

त्याचा रिपोर्ट हळूहळू खाली आला. यावेळी आला, असं डॉक्टर म्हणाले, आणि दरवेळी येईलच असं नाही, हेही म्हणाले. या खेपेला मी ते वाक्य ऐकलं. तेव्हापासून जीव टांगणीला लागल्यासारखा आहे. अजून किती पंचम्या, हा हिशेब कुणीच मांडू शकत नाही, आणि मला मात्र सगळ्या हव्या आहेत, एकसुद्धा सोडायची नाही. तरी फोनवर मी आता करडांचं विचारते. बांधाचं विचारते. सोयाबीन कसं आहे विचारते. पाण्याचा प्रश्न जिभेवर येतो, तो तिथंच गिळते. 

आज चतुर्थी होती. दुपारी त्याचाच फोन आला. मी शाळेत खडू हातात घेऊन उभी होते, वर्गाबाहेर आले.

"पाणी प्यालीस का?"

मी म्हटलं, "आज चतुर्थी हाय."

"मला बी वार कळत्यात. बाटली जवळ हाय का?"

"हाय."

"पी. फोन कानाला ठिवून पी. आवाज आला पायजे."

मी व्हरांड्याच्या खांबाला टेकले. इतक्या वर्षांत चतुर्थीला दिवा लागण्याआधी मी घोट घेतला नव्हता. बाटलीचं झाकण काढलं आणि प्याले. तो पलीकडं ऐकत होता. मी थांबले की म्हणायचा, अजून. 

"झालं?" तो म्हणाला.

"झालं."

"आता ऐक. उद्या सकाळी येतो. डाक्टरला इचारलंय, मास्क लावून, गर्दीत न जाता, हळू चालवून, व्हय म्हणले. आत्याबाईला सांग, पिठलं तिनं करावं, तू करू नको. अन् पिशवी भरून दारात उभी ऱ्हा. उशीर केलास तर तुला न घेताच माघारी जाईन."

"जा," मी म्हटलं. "जाऊन तर दाखव."

वर्गात परत गेले तेव्हा मुलं माझ्याकडं बघायला लागली. फळ्यावरचं वाक्य अर्धं राहिलं होतं, पुढचं मला आठवेना.